टिचकीचा गूळ चाकाखाली

एक होती मुंगी. तिचं नाव टिचकी. आज तिच्या बाळाचं बारसं. बारशाला गूळ नको का? हवाच की. म्हणून टिचकी गेली गुऱ्हाळात. तिथून गुळाचा एक खडा उचलला आणि निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात आली रंगराव तात्यांची पिकअप. जुनी, खडखडी, भारी लहरी. कधी सुरू, कधी बंद. थांबली ती नेमकी टिचकीच्या वाटेत. टिचकी पळाली बाजूला. खडा राहिला चाकाखाली.

तात्यांनी गाडीत गुळाच्या ढेपा भरल्या. चावी फिरवली. टक! पुन्हा फिरवली. टक! गाडीला नजर लागली, असं म्हणत तात्या गेले काळा दोरा आणायला.

टिचकीला रडूच आलं. पाहुणे येऊन बसले असतील, आणि घरात गूळ नाही. पण रडून का गूळ निघतो? नाक पुसून ती गेली चाकाकडे.

"चाकदादा, चाकदादा, गूळ निघेना, बारसं होईना. तू सरक ना."

"अं हं. इंजिन सुरू झालं तर सरकेन."

टिचकी गेली इंजिनाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"इंजिनकाका, इंजिनकाका, चाक सरकेना, गूळ निघेना, बारसं होईना. तू सुरू हो ना."

"अं हं. स्टार्टरनं फिरवलं तर सुरू होईन." एवढं बोलून काका पुन्हा झोपले.

टिचकी गेली स्टार्टरकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"स्टार्टरमामा, स्टार्टरमामा, इंजिन सुरू होईना, चाक सरकेना, गूळ निघेना, बारसं होईना. तू फिरव ना."

"अं हं. बॅटरीनं वीज दिली तर फिरवीन. उपाशीपोटी मला नुसतं टक करता येतं."

टिचकी गेली बॅटरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बॅटरीमावशी, बॅटरीमावशी, स्टार्टर फिरवेना, इंजिन सुरू होईना, चाक सरकेना, गूळ निघेना, बारसं होईना. तू वीज दे ना."

"अं हं. वायरनं वीज नेली तर देईन. माझं पोट तर गच्च भरलंय."

टिचकी गेली वायरकडे. अगदी जवळच होती ती.

"वायरताई, वायरताई, बॅटरी वीज देईना, स्टार्टर फिरवेना, इंजिन सुरू होईना, चाक सरकेना, गूळ निघेना, बारसं होईना. तू वीज ने ना."

"अं हं. दोरा सुटला तर नेईन."

टिचकीनं वाकून पाहिलं. अगं बाई! वायर आणि बॅटरीच्या मध्ये काळा दोरा. एक नाही, चांगले चार. गाडी अडली की तात्या दोरा बांधायचे, आणि बांधायचे नेमका तिथंच. गाडी हादरली की वायर चिकटायची, गाडी सुरू. पुन्हा हादरली की वायर सुटायची, गाडी बंद. मग तात्या बांधायचे आणखी एक दोरा. शहाणेच आहेत आपले तात्या.

आणि आले की तात्या, पाचवा दोरा घेऊन. टिचकी चढली त्यांच्या पायावर, पाठीवर, खांद्यावर, आणि पोचली थेट कानाशी.

"तात्या, तात्या, दोरा सुटेना, वायर वीज नेईना, बॅटरी वीज देईना, स्टार्टर फिरवेना, इंजिन सुरू होईना, चाक सरकेना, गूळ निघेना, बारसं होईना. तुम्ही दोरा सोडा ना."

तात्या दचकले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणीच नाही. त्यांना वाटलं, गाडीच बोलली.

"बरं बाई, सोडतो," तात्या म्हणाले. "रागावू नकोस."

तात्यांनी चारही दोरे सोडले. वायर घट्ट आवळली. चावी फिरवली.

मग काय! दोरा सुटला, वायरनं वीज नेली, बॅटरीनं वीज दिली, स्टार्टरनं फिरवलं, इंजिन सुरू झालं, कुर्रर्र घुर्रर्र! चाक सरकलं, गूळ निघाला.

पण खडा कुठाय? चाकाखाली दबून दबून त्याची झाली होती पोळी. गोल, पातळ, ही एवढी मोठी. टिचकीला एकटीला ती हलेचना. मग घरी वाट पाहून पाहून पाहुणेच आले धावत. सगळ्यांनी मिळून गूळ घरी नेला. हय्या हो, हय्या हो.

बाळाला पाळण्यात घातलं. आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "कुर्रर्र!"

सगळे पाहुणे टुणकन बाजूला पळाले. त्यांना वाटलं, पिकअपच आली. बाळ मात्र खुदकन हसलं.

गूळ झाला फस्त, गोष्ट झाली मस्त.