म्हाळूच्या झाडाची कॉफी

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांच्या वर आणि माणसे ढगांच्या खाली राहत, चंडकेतू नावाचा राजा होता. सख्ख्या भावाला विष घालून त्याने गादी मिळवली होती. तेव्हापासून डोळा लागला की मेलेला भाऊ उशाशी येऊन बसे. म्हणून राजाला झोपेचे भय वाटे.

अंजनाक्ष नावाच्या मांत्रिकाने त्याला एक काळे पेय आणून दिले. त्याचे नाव कॉफी. ते प्यायले की झोप येत नसे. अंजनाक्षाने मोबदल्यात माणसे मागितली. दर हंगामाला शिपाई गावांतून शंभर माणसे डोंगरावर नेत, आणि तिथे ती कॉफीची झाडे होत. नऊ वर्षे असे चालले.

आठव्या वर्षी शिपायांनी भिवरेच्या नवऱ्याला, म्हाळूला नेले. वर्षभर वाट पाहून भिवरा त्याच्या शोधात निघाली. डोंगरावर झाडांच्या रांगाच रांगा होत्या. तिसऱ्या रांगेत एका खोडात म्हाळूचे चांदीचे कडे रुतलेले तिला दिसले. तिने खोडाला मिठी मारली. खोड माणसाच्या अंगासारखे ऊन होते.

फांदीवर एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, शाप तुटेल. झाडावर ज्याची माया, त्यानेच त्याची फळे तोडावी, वाळवावी, भाजावी आणि राजाला पाजावी. मग सगळी माणसे सुटतील."

"सगळी?"

"एक सोडून. ज्याचे दाणे भाजशील, तो यायचा नाही."

भिवरा तीन दिवस खोडाशी बसून राहिली. म्हाळू झाड होऊन का होईना, जिवंत होता. पण चौथ्या दिवशी खालून शिपाई नवी शंभर माणसे हाकत आले. त्यांत एक पोटुशी बाई होती. भिवरेच्या डोळ्यांदेखत तिच्या पावलांना मुळे फुटली.

भिवरा उठली. "काय करू ते सांग," ती म्हणाली.

"लाल फळे तोड. हिरवे तोडशील, तर खोडातून रक्त येईल."

दाट धुके होते. लाल काय, हिरवे काय, दिसत नव्हते. भिवरेने एकेक फळ बोटांनी चाचपले. मऊ लागले तेवढेच तोडले. टोपली भरली, आणि खोडावर रक्ताचा थेंबही आला नाही.

"आता साल काढ, दाणे भिजव, चिकटा धू आणि सात दिवस उन्हात वाळव. त्यांच्यावर तुझी सावली पडू देऊ नकोस."

भिवरेने कातळावर दाणे पसरले. सूर्य फिरे तशी तीही फिरे, उन्हाकडे तोंड करून लांब काठीने दाणे हलवी. तापल्या दगडाने तिचे तळवे सोलले. आठव्या दिवशी दाणे खुळखुळ वाजू लागले. तिने वरचे टरफल पाखडून टाकले.

"आता भाज. हात थांबला तर सगळे व्यर्थ."

तिने चूल पेटवली, तवा ठेवला. दाणे पिवळे झाले, मग तांबूस झाले, आणि तव्यातून म्हाळूचा आवाज आला.

"भिवरा, चटका बसतोय गं."

तिचा हात चालत राहिला.

"भिवरा, मी आहे. उतरव तवा."

"नाही उतरवत," ती म्हणाली. तिचे अश्रू तव्यावर पडून चुरचुरले. दाणे तडतडले, काळे झाले, आणि आवाज बंद झाला.

ते दाणे दळून, पूड पदरात बांधून ती राजवाड्यात गेली. दरबारातच तिने कॉफी उकळली. त्या कॉफीचा वास सुटताच अंजनाक्ष ओरडला, "महाराज, हा पेला नको!"

राजाचे डोळे रक्तासारखे लाल झाले होते. तो म्हणाला, "नऊ वर्षे तूच पाजलीस. आज अडवतोस?" आणि त्याने पेला रिकामा केला.

नऊ वर्षांची झोप एकदम आली. राजा सिंहासनावरच आडवा झाला. मेलेला भाऊ येऊन उशाशी बसला, आणि राजा पुन्हा उठला नाही. अंजनाक्षाच्या पायांना मुळे फुटली, फांद्या फुटल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते झाड वाळून गेले.

मेलेल्या भावाची मुलगी सुनंदिनी गादीवर बसली. कुणालाही बळजबरीने डोंगरावर नेऊ नये, हा तिचा पहिला हुकूम. शाप उतरला, राज्य ठिकाणावर आले.

डोंगरावरून माणसे उतरू लागली. केसांत पाने, नखांत माती. ती पोटुशी बाईही उतरली. वेशीवर म्हाळूची आई उभी होती, प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत.

"भिवरा, मागून आणखी येतायत का गं?"

"नाही आत्याबाई. हे शेवटचे."

मग भिवरेने तिला सगळे सांगितले. तव्यातला आवाजही लपवला नाही. म्हातारी मटकन खाली बसली. लोक घरोघरी पांगले, वेस मोकळी झाली. तेव्हा तिने सुनेपुढे हात केला.

"उठव मला," ती म्हणाली.