राक्षसांना भेटलेला माणूस

फार फार जुना काळ. तेव्हा राक्षसांची पोरंसुद्धा गोष्ट ऐकल्याशिवाय जेवायला बसत नसत.

आपल्या गोष्टींत जसे राक्षस असतात, तशी त्यांच्या गोष्टींत माणसं असत. एका घनदाट जंगलात एक म्हातारी राक्षसीण होती. ती नातवंडांना सांगे, "माणूस नावाचा एक अजब प्राणी असतो. त्याला शिंगं नाहीत, सुळे नाहीत. पण काटा एकाच्या पायात रुततो आणि पाणी दुसऱ्याच्याच डोळ्यांत येतं!"

"आजी, काहीतरीच तुझं!" नातवंडं खिदळत.

"खरंच रे. म्हणून तर आपण माणूस खात नाही. माणसं संपली तर गोष्टी कुणाच्या सांगायच्या?"

एके दिवशी जवळच्या गावचा हलवाई वाट चुकून त्या जंगलात शिरला. डोक्यावर लाडवांची टोपली. हा हलवाई असा चिक्कू, की दारात रडणाऱ्या पोराला लाडवाचा चुरासुद्धा देत नसे. शेजारी आजारी पडला, तर हा खिडकी लावून घेई. म्हणे, त्याच्या कण्हण्याने माझी झोपमोड होते.

राक्षसांच्या पोरांनी त्याला उचलून आजीपुढे आणलं.

"कोण रे तू?"

"मी माणूस आहे हो, आजीबाई!" हलवाई हात जोडून म्हणाला. "हे बघा दोन पाय. ही बघा मिशी."

"पाय कोंबडीलाही दोनच असतात. आणि मिशा मांजरालाही असतात."

थोरल्या नातवाला युक्ती सुचली. त्याने धाकट्या बहिणीच्या डोक्यात सणसणीत टपली मारली. तिने भोकाड पसरलं. तो हलवायाला म्हणाला, "माणूस असशील, तर आता तुझ्या डोळ्यांत पाणी येईल!" सगळे राक्षस वाकून हलवायाच्या डोळ्यांत पाहू लागले. डोळे कोरडे ठणठणीत! हलवायाने ते चोळले, स्वतःला चिमटा काढला, "अरेरे" म्हणाला. काही उपयोग झाला नाही.

"हा माणूस नव्हे," आजीने निकाल दिला. "माणसासारखं दिसणारं दुसरंच काहीतरी आहे. चढवा हंडा!"

हलवायाला हंड्यात बसवलं, खाली जाळ केला. आता मात्र त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"बघा, बघा! आलं पाणी!" हलवाई ओरडला.

"ते स्वतःसाठी," आजी म्हणाली. "तेवढं तर बोकडही रडतो."

पाणी तापेपर्यंत पोरांनी गोष्टीचा हट्ट धरला. आजीने मनानेच एक रचली. "एका नावाड्याची मुलगी होती, जन्मापासून आंधळी. नदीला पूर आला, बाप पलीकडच्या तीरावर अडकला. पोरीने होडी सोडली आणि एकटीच निघाली. मध्यावर आली आणि वल्हं हातातून निसटलं..."

आजीने हंड्यात बोट बुडवून पाहिलं. "झालं की पाणी! उरलेली गोष्ट जेवणानंतर."

"अहो, थांबा!" हंड्यातून ओरडा आला. "त्या पोरीचं काय झालं?"

"तुला काय करायचंय? तू तर आता शिजणार."

"माझं राहू द्या हो! पोर तीराला लागली का, ते सांगा!"

राक्षस हंड्याभोवती गोळा झाले. आजीने विचारलं, "ती तुझी कोण?"

"कोणी नाही."

"राहते कुठे?"

"कुठेच नाही. तुम्ही आत्ताच तर रचलीत."

"मग डोळ्यांत पाणी का?"

हलवाई गोंधळला. "वाफ... वाफ असेल."

"विझवा जाळ!" आजी आनंदाने ओरडली. "पोरांनो, डोळे भरून पाहून घ्या. माणूस खरंच असतो!"

तिने त्याला अलगद बाहेर काढलं, अंग पुसलं आणि पोर तीराला सुखरूप पोचवली. मग ती म्हणाली, "जी नाहीच, तिच्यासाठी रडलास. आता जे आहेत, त्यांच्याकडेही जरा बघ."

हलवाई गावी परतला. दुसऱ्याच दिवशी पेजेचं भांडं घेऊन तो आजारी शेजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसला. दारातल्या पोरांना बोलावून त्याने आख्खे लाडू वाटले.

गावकरी हळहळले, "बिचारा! जंगलात राक्षसाने झपाटलेलं दिसतंय."

तात्पर्य: माणसाचा जन्म आयता मिळतो, माणूसपण मात्र परक्याचं दुःख आपलं वाटेल तेव्हाच मिळतं.