पायरीवरून कोण उचलणार

तळं सगळ्यांना खुलं असल्याचा सरकारी हुकूम निघाला, पण गाव काही तो मानेना. तेव्हा पाणी मिळेपर्यंत उठायचं नाही आणि हात उगारायचा नाही, असं ठरवून सगळा महारवाडा सकाळीच तळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसला. सगळ्यांच्या पुढे साळूबाई होती. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये गावानं बोलावलेले शिपाई उभे होते.

दुपारी फौजदार इनामदारांनी लाठ्या चालवल्या. साळूबाईच्या खांद्यावर वळ उठला, शेजारच्या धोंडिबाचं डोकं फुटलं. कुणी उठलं नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. त्या गप्प बसण्यानं फौजदार जास्तच भडकले.

"उचला एकेकाला आणि टाका गाडीत."

शिपाई जागचे हलेनात. साळूबाईनं पदर सावरला.

"सायेब, काठीनं विटाळ होत न्हाई, म्हनून आमास्नी मारता आलं. उचलायचं तर शिवावं लागंल. शिवल्यावर तुमची मानसं आंगुळ केल्याबिगर जेवाया बसायची न्हाईत, आन् ती आंगुळ ह्याच तळ्यात करनार. म्हंजी विटाळ पान्यात जानारच. आमच्या वंजळीतनं जाऊ द्यायचा का तुमच्या शिपायांच्या अंगावरनं, तेवढं सांगा."

फौजदारांनी शिपायांकडे पाहिलं. शिपाई तळ्याकडे पाहत होते. त्यांतला एक बाजूला सरकला.

साळूबाई वाकली. पहिली ओंजळ तिनं धोंडिबाच्या जखमेवर ओतली. दुसरी भरली आणि फौजदारांच्या डोळ्याला डोळा देऊन सावकाश प्यायली.