सातशे ओव्यांत नसलेली अंबू

“…मग यात उणं काय आहे, तेवढं सांगा!”

त्र्यंबकशास्त्र्यांचा आवाज चढला होता. मांडीवर पोथी उघडी होती.

समोर माई येसाई सुपात मेथी निवडत बसल्या होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात त्या एकट्याच राहत. पाच-पंचवीस गावची माणसं त्यांच्याकडे येत, पण त्या बोलत फार थोडं.

शास्त्री वाशीमचे नावाजलेले विद्वान. सात महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी, आठ वर्षांची अंबू, तापाने गेली. तेरावं झालं आणि शास्त्री लिहायला बसले. सातशे ओव्या पुऱ्या करूनच उठले. गावोगाव त्या वाचल्या. ऐकणारे ढसाढसा रडले. एका सरदाराने भरसभेत त्यांना शाल पांघरवली. तीच आज खांद्यावर होती.

झोप मात्र परतली नव्हती. आणि त्यांची बायको भागीरथी अंबूविषयी एक शब्द बोलत नव्हती. पोथी उघडली की ती उठून जाई. आज बरोबर आली होती, ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. त्यांच्याकडे पाठ करून.

“उणं नाही,” माई म्हणाल्या. “सुरेख लिहिलंत. यात ती चंद्राची कोर आहे.”

“हो.”

“कमळाची कळी आहे.”

“हो.”

“पणतीची ज्योत आहे.”

“सदतिसाव्या ओवीत,” शास्त्री म्हणाले. “ती ऐकून तर सरदार…”

“खोटं बोलायची का ती?”

“काय?”

“आठ वर्षांची होती. कधीतरी बोलली असेल.”

शास्त्री ताडकन उठले. शाल घसरली, ती सावरली.

“माझ्या मुलीची निंदा ऐकायला मी इथे आलो नाही, माई!”

“कोर उद्या पुन्हा उगवेल,” माई म्हणाल्या. “कळीही येईल. तुमचं कोण गेलं, शास्त्रीबुवा?”

…

माईंनी एक जुडी निवडून संपवली.

“बोलायची,” शास्त्री एकदम म्हणाले. “अगदी सराईतपणे. डोळ्याला डोळा भिडवून.”

“काय बोलायची?”

“देवापुढचे आंबे खाऊन बसली एकदा. विचारलं, तर म्हणाली, देवाने खाल्ले. मी म्हटलं, अगं, देव खात नसतो, तो नुसता पाहतो. तर मला म्हणते…” शास्त्र्यांना हसू आवरेना. “म्हणते, मग बाबा, तुम्ही त्याला रोज वाढता कशाला?”

माई खो खो हसल्या.

शास्त्री चमकले. सात महिन्यांत त्यांचं ऐकून कुणी हसलं नव्हतं. मग त्यांची छाती हळूहळू फुगली.

“मी काशीच्या पंडितांना गप्प केलंय, माई. भरल्या सभेत. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आठ वर्षांच्या पोरीने हरवलं मला! हनुवटीवरून रस गळतोय आणि उभी कशी… जिंकल्यासारखी. अशी होती माझी अंबू!”

माईंनी कोरा कागद आणि दौत पुढे सरकवली.

शास्त्री बसले. ना ओवी, ना मात्रा. बोरू झरझर चालू लागला. लिहिता लिहिता ते पुटपुटत होते.

“…देवापुढे ठेवलेले तीन आंबे…”

“पाच.”

आवाज पायरीवरून आला होता. बोरू थांबला.

“तीन,” शास्त्री म्हणाले. त्यांच्या लिहिण्यात आजवर कुणी चूक काढली नव्हती. “कोयी मी स्वतः पाहिल्या.”

“पाच होते. मीच ठेवले होते.” भागीरथी वळली. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. “चौथी कोय तिने तुळशीत पुरली.”

“आणि पाचवी?”

“माझी.”

“तुझी?”

“पाचवा आंबा तिने माझ्या हातात दिला. म्हणाली, आई, हा तू खा… म्हणजे तू बाबांना सांगणार नाहीस.”

“…मग?”

“खाल्ला. आणि नाहीच सांगितलं.”

शास्त्री बायकोकडे पाहत राहिले. मग कागदाकडे. अक्षर मोत्यासारखं होतं, एक रेघ चुकली नव्हती. बोरू हातात तसाच. शाई टपकून कागदावर डाग पडला.

माईंनी मेथीचं सूप उचलून चटईवर एका माणसापुरती जागा केली. भागीरथी पायरीवरून उठली, आत आली आणि नवऱ्याशेजारी बसली.

“खोडा, शास्त्रीबुवा,” माई म्हणाल्या. “पाच लिहा.”