गळालेला ‘न’

एकदा एक पंतोजी आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेले आणि डोक्यावरचं पागोटं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवत म्हणाले, “आचार्य, मी शाळा बंद करतो आहे.”

हे पंतोजी काही कामचुकार नव्हते बरं का! बावीस वर्षं त्यांनी गावातल्या मुलांना एक जुना, अवघड ग्रंथ शिकवला होता. ओळ वाचायची, लगेच तिचा अर्थ सांगायचा आणि विचारायचं, “कळलं का?” मुलं एका सुरात “होऽऽ” म्हणाली की पुढची ओळ. कुठे अडणं नाही की खोळंबणं नाही. पण त्या साली बाहेरगावचे परीक्षक आले आणि त्यांनी पाठ केलेल्या अर्थाबाहेरचा एकच साधा प्रश्न विचारला. वीसच्या वीस मुलं मुकी!

“पालथ्या घड्यावर पाणी हो सगळं,” पंतोजी म्हणाले. “जन्म वेचला मी या मुलांसाठी. एकालाही स्वतःच्या बुद्धीनं एका ओळीचा अर्थ लावता येऊ नये? मठ्ठ आहेत, दुसरं काय!”

आचार्यांनी पागोटं उचलून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, “बंद करशील, घाई काय आहे? उद्याचा वर्ग मी घेतो. तू मुलांमध्ये बस.”

दुसऱ्या दिवशी काठी टेकत आचार्य आले. पोथी उघडून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, “जो पुसतां लाजे, तो शिष्य होय.” आणि अर्थ सांगितला, “विचारायला जो लाजतो, तोच खरा शिष्य. विनय हे विद्येचं भूषण आहे. शिष्यानं तोंड मिटून ऐकावं. कळलं का?”

“होऽऽ!”

पंतोजींनीही मान डोलावली. या वयातही काय ती वाणी!

आचार्यांनी त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. “जो पुसतां लाजे, तो शिष्य न होय. म्हणजे, विचारायला जो लाजतो तो शिष्यच नव्हे. कळलं का?”

“होऽऽ!” तितक्याच उत्साहानं.

आता मात्र पंतोजी चपापले. उठून त्यांनी पोथीत पाहिलं. ओळीत ‘न’ होता, चांगला ठसठशीत. बावीस वर्षं जी ओळ शिकवली, तिच्यातला ‘न’ गाळून आचार्यांनी अर्थ उलटा केला, आणि आपणही मान डोलावली! धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

वर्ग सुटल्यावर ते म्हणाले, “आचार्य, अशी थट्टा का केलीत?”

“थट्टा नव्हे रे. मधल्या ओळीत बसलेली ती मुलगी कोण? मी ‘न’ गाळला तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं तोंड उघडलं, तुझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.”

“ती होय? सगुणा.” पंतोजी कसनुसं हसले. “फार डोकं खायची पूर्वी. ‘हे असं कसं, मागच्या पानावर तर उलट लिहिलंय!’ एका ओळीला अर्धा दिवस जायचा. एकदा सगळ्यांदेखत खडसावलं, ‘तुझ्या एकटीसाठी वर्ग थांबवू का गं?’ मुलं पोट धरून हसली. तेव्हापासून सुधारली आहे. दोन वर्षांत एक प्रश्न नाही.”

आचार्यांनी डोळे मिटून घेतले.

“सुधारली!” ते म्हणाले. “अरे, अवघड ग्रंथ वाचणं म्हणजे अडणं. अडलं की मागं जायचं, पुन्हा वाचायचं, शेजाऱ्याला विचारायचं, प्रसंगी ग्रंथाशी भांडायचं. तू त्यांना अडूच दिलं नाहीस. प्रत्येक घास चावून भरवलास, मग दात कशाला येतील? आणि ‘कळलं का’ हा तुझा प्रश्न नव्हताच, हुकूम होता. त्या वर्गात एकच मुलगी ग्रंथ वाचत होती. तिला तू गप्प केलंस.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “तुझ्यावर तरी कुठल्या तोंडानं रागावू? मी तुलाही असंच शिकवलं. तू ‘हो’ म्हणायचास आणि मी पान उलटायचो.”

पंतोजी उठले ते तसेच अनवाणी धावत सुटले. सगुणा त्यांना घराच्या वाटेवर भेटली.

“पोरी,” ते धापा टाकत म्हणाले, “आज आचार्य वाचत होते तेव्हा तू काही विचारणार होतीस ना? विचार. मी रागावणार नाही. खरं सांगू? मलासुद्धा तो ‘न’ दिसला नव्हता गं.”

सगुणानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पंतोजी थांबले. दोन वर्षांपूर्वी वर्गाच्या घाईपायी जो तिला नाकारला होता, तो सगळा वेळ आज ते तिला द्यायला तयार होते.

“नाही पंतोजी,” ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली. “काही नव्हतं विचारायचं. कळलं मला. सगळं कळलं.”

आणि ती निघून गेली. बावीस वर्षं जे उत्तर ऐकून ते समाधानानं पुढच्या ओळीकडे वळत आले होते, तेच उत्तर ऐकून पंतोजी भर रस्त्यात रडू लागले.