शिशाचे शिपाई आणि प्लास्टिकची पलटण

देवपूर नावाच्या गावी त्र्यंबकराव कारखानीस राहत. त्यांना खेळण्यातले शिपाई जमवण्याचा नाद होता. पण शिपाई धातूचाच हवा. शिशाचा, जस्ताचा, पितळेचा. घरातली काचेची कपाटं अशा शिपायांनी भरून गेली होती. नवा शिपाई मिळाला की ते आधी तो तळहातावर घेऊन तोलत. "ज्याला वजन नाही त्याला मोल नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शेजारच्या कुसुमताई आजगावकर यांचा धाकटा भाऊ वारला. त्याचं सामान आवरताना त्यांना बिस्किटांचा एक जुना डबा सापडला. आत हिरव्या प्लास्टिकचे शिपाई होते. डबा घेऊन त्या त्र्यंबकरावांकडे आल्या.

"हे आमच्या वसंताचे. तुमच्या कपाटात ठेवाल का?"

त्र्यंबकरावांनी एक शिपाई उचलला. पिसासारखा हलका! लगेच परत डब्यात टाकला.

"ताई, असले जत्रेत ढिगानं मिळतात. मुलांना वाटून टाका."

"मग बालवाडीत देते," म्हणत कुसुमताईंनी डबा उचलला. जाताना त्यांनी तो कोपऱ्यावरच्या बालवाडीत देऊन टाकला.

पुढे काही महिन्यांनी शहरातल्या खेळण्यांच्या संग्रहालयातून नसीम पठाण नावाच्या बाई त्र्यंबकरावांचे शिपाई पाहायला आल्या. त्यांनी सगळी कपाटं कौतुकानं पाहिली. मग विचारलं, "तुमच्याकडे प्लास्टिकचे नाहीत का? हिरवे, फेटेवाले, आपल्याच भागात बनलेले? आम्ही कधीपासून शोधतोय."

त्र्यंबकरावांना हसू आलं. "प्लास्टिकचे? अहो, ते तर घरोघरी असायचे!"

"म्हणूनच आज कुठे नाहीत. धातूचे शिपाई लोकांनी जपले. हे कोण जपणार? मुलांनी चावले, उन्हात तडकले, कचऱ्यात गेले. आता साचेसुद्धा उरले नाहीत."

"पण त्यांना वजन कुठे असतं?"

"वजन तराजूला विचारावं. मुलं कशाशी खेळली, ते आम्हाला हवंय."

त्र्यंबकरावांना तो डबा आठवला. त्यातल्या शिपायांना फेटे होते का? त्यांनी पाहिलंच नव्हतं. कपाटातला एक शिशाचा घोडेस्वार खिशात घालून ते नसीमबाईंबरोबर बालवाडीत गेले.

अंगणात मुलं पाण्याच्या घमेल्याभोवती जमली होती. बरेचसे शिपाई हरवले होते. उरलेले पाण्यावर तरंगत होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर फेटा होता.

त्र्यंबकरावांनी मुक्ता नावाच्या मुलीपुढे घोडेस्वार धरला. "हा घे. तुझा मला दे."

मुक्तानं घोडेस्वार पाण्यात सोडला. तो थेट तळाशी गेला.

"याला पोहता येत नाही," म्हणत तिनं तो परत दिला.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "न्या ना सगळे. मुलांना दुसरं काही देऊ."

त्र्यंबकरावांचा हात पुढे झाला, आणि थांबला. जे त्यांनी नाकारलं होतं, ते आता त्यांचं कसं? ते नसीमबाईंना घेऊन कुसुमताईंच्या दारी गेले.

"ताई, मी ज्यांना जत्रेतले म्हणालो, ते संग्रहालयाला हवेत. मी तेव्हा नीट पाहिलंसुद्धा नाही. चुकलो."

कुसुमताई म्हणाल्या, "कपाटात जागा मिळावी म्हणून मी आले नव्हते, त्र्यंबकराव. तुम्हाला शिपायांची आवड. वाटलं, तुम्ही तरी विचाराल, वसंता यांच्याशी कसा खेळायचा म्हणून."

"आता विचारतो. सांगाल?"

त्या आत वळल्या आणि त्यांनी बसायला चटई घातली. मग वसंताच्या लढाया एकेक करून सांगितल्या. त्र्यंबकराव मन लावून ऐकत राहिले. शेवटी कुसुमताईंनी दोन शिपाई संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. ते दोन मुक्तानं निवडले. बाकीची पलटण मुलांकडेच राहिली.

तात्पर्य: क्षुल्लक म्हणून काही नाकारण्याआधी ते नीट पाहावं आणि दोन शब्द विचारावेत, कारण ज्याची कुणालाच पर्वा नसते, तेच एक दिवस शोधूनही सापडत नाही.