वायरीचा पायगुण

“ही घरात आली आणि वेग गेला. पायगुण, दुसरं काय.”

ही फार जुनी गोष्ट, घरोघरी वायफाय नवं होतं तेव्हाची. कपाटाशेजारचा टीव्ही आतल्या राउटरमामंजींना हे हळूच सांगत होता. नव्या वायरीनं ऐकू नये, एवढी काळजी त्यानं घेतली होती. पण तिचं एक टोक मामंजींच्याच पाठीत होतं, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. मामंजींचं उत्तरही.

“रविवारी हिला गुंडाळून माळ्यावर टाकायला लावू.”

वायर आली त्याच दिवशी मालकीणबाईंनी राउटर लोखंडी कपाटात, दागिन्यांशेजारी नेऊन ठेवला होता. महागाची वस्तू उघड्यावर कशी ठेवायची? वायर दाराच्या फटीतून निघून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत गेली होती, आणि तो मजेत धावत होता. वायफायवर चालणाऱ्या टीव्हीवर मात्र नुसती चकती गोल फिरत राहायची.

वायर बघत होती. मालकीणबाईंनी शालू काढायला कपाट उघडलं आणि चकती जाऊन सिनेमा सुरू झाला. दार मिटलं, चकती परत आली. शालू ठेवताना पुन्हा तेच.

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मामंजी, माझ्यातून सगळं नीट पोचतंय, म्हणजे बाहेरून येणारं कमी नाही. तुमचा आवाज या लोखंडात अडतोय. दार उघडलं की टीव्हीभावजी धावतात, तुम्हीच बघा. आणि पायगुणाचं म्हणाल, तर मला पायच नाहीत. या कपाटाला चार आहेत.”